उतारवयात त्वचा-कर्करोग तपासणीचे महत्त्व

त्वचेचा कर्करोग हा गौरवर्णीयांचाच आजार होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून काही अंशी संरक्षण देते, हे खरे. परंतु ऊन हे या रोगाचे एकमेव कारण नव्हे. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी यांनी १९४५ मध्ये धोतराच्या काचाने कमरेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. सततचा काच, घर्षण व घाम यांमुळे त्वचेचा रंग बदलतो, ती जाड होते आणि कालांतराने तेथे न भरणारा व्रण होतो. या प्रक्रियेस अनेक दशके लागत असल्याने वयाबरोबर धोका वाढतो. तळपाय व नखांखाली होणारा मेलॅनोमाही सावळ्या वर्णाच्या व्यक्तींत आढळतो.

ही स्थाने एकतर वस्त्राखाली झाकलेली असतात किंवा वृद्धांना स्वतःला नीट दिसत नाहीत. वेळीच निदान झाल्यास बहुधा शस्त्रक्रिया पुरेशी ठरते. संकोचाने लपविलेला व्रण मात्र लसिकाग्रंथींपर्यंत पसरू शकतो. म्हणून साठीनंतर कंबर, तळपाय व नखे यांची कुटुंबीयांच्या साहाय्याने नियमित पाहणी करावी आणि महिनाभरात न भरणारी जखम त्वचारोगतज्ज्ञांस अवश्य दाखवावी.