वाट राखली तर पक्षी राहतील: उत्तर चीनमधल्या पाणथळींचा आढावा

राजस्थानातल्या भरतपूरला सैबेरियन क्रौंच शेवटचे दिसले ते 2002 मध्ये. तोवर तिथल्या केवलादेव पाणथळीला राष्ट्रीय उद्यानाचं संरक्षण होतं, जागतिक वारसा यादीत स्थान होतं. मुक्कामाची जागा राखली गेली. वाट मात्र राखली गेली नाही. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून येणाऱ्या मार्गावर शिकार होत राहिली, तळी आटत गेली आणि तो थवा संपला. ही जात आज टिकून आहे ती जवळजवळ सर्वस्वी पूर्वेकडच्या मार्गामुळे. सैबेरियातल्या याकुतियाहून निघून हे क्रौंच ईशान्य चीनवरून यांगत्से खोऱ्यातल्या पोयांग सरोवराकडे जातात. उत्तर चीनमधल्या पाणथळींचं महत्त्व या एका उदाहरणावरून कळतं. इथे काही पक्षी घरटी करतात. पण असंख्य पक्ष्यांसाठी ही प्रवासातली अन्न मिळवण्याची जागा आहे.

जिलिन प्रांतातल्या मोमोगे अभयारण्यात हे पांढरेशुभ्र क्रौंच वसंतात आणि शरदात काही आठवडे थांबतात. उथळ पाण्यात चोच खुपसून ते पाणवनस्पतींचे कंद उकरून खातात. पाणी खोल झालं तर चोच पोहोचत नाही, आटलं तर जमीन कडक होते. क्रौंचांचं पोट भरणं असं पाण्याच्या पातळीवर ठरतं.

उत्तरेला हेइलोंगजियांग प्रांतात, चिचीहार शहराजवळ जालोंग आहे. वुयुर नदी समुद्राला मिळत नाही. ती इथल्या सपाटीवर पसरते आणि तिथेच बोरूचं अफाट रान होतं. सुमारे 2,100 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 1979 मध्ये स्थापन झालं. लाल मुकुटाचा क्रौंच इथे वीण करतो. वरच्या अंगाला पाणी अडवलं गेलं, अवर्षणाची भर पडली आणि दलदल आकसू लागली. 2001 पासून नेन नदीचं पाणी वळवून इथे सोडलं जातं. पाणथळ राखायची तर शेती आणि शहरांबरोबर तिच्याही वाट्याचं पाणी बाजूला काढावं लागतं, हे जालोंगने दाखवलं.

जालोंगच्या क्रौंचपालक घराण्यातली श्यू श्यूच्युआन दक्षिणेकडच्या यानचेंग अभयारण्यात कामाला गेली, ती सोबत क्रौंचांची अंडी घेऊन. 1987 मध्ये हरवलेल्या हंसाचा शोध घेताना ती बुडाली, तेव्हा ती अवघी 22 वर्षांची होती. चीनमध्ये आजही तिचं नाव आदराने घेतलं जातं.

किनाऱ्यावरचं जग निराळं आहे. लियाओ नदीच्या मुखाशी, पानचिनला, शरदात खाऱ्या जमिनीवरची रोपं लालभडक होतात आणि ती पाहायला पर्यटकांची रीघ लागते. याच परिसरात साँडर्सचा कुरव घरटी करतो. त्याची जगातली सर्वांत मोठी वीण-वसाहत इथली.

पूर्वेला, कोरियाच्या सीमेवर यालू नदीचं मुख आहे. 2007 मध्ये ‘ई-7’ या खुणेची पट्टेदार शेपटीची पाणटिवळी न्यूझीलंडहून सुमारे 10,000 किलोमीटर न थांबता उडून इथे उतरली. इथल्या चिखलातले शिंपले-किडे खाऊन ती अलास्काला गेली आणि वीण आटोपल्यावर पॅसिफिक ओलांडून 11,600 किलोमीटरहून अधिक अंतर आठेक दिवसांत तोडत न्यूझीलंडला परतली. परतीला तिने कुठेही थांबा घेतला नाही, पण जातानाचा थांबा तिला टाळता येत नव्हता.

बोहाय आखातावर लुआननान तालुक्यात नानपूचा किनारा आहे. डच पक्षिशास्त्रज्ञ थ्युनिस पियर्स्मा आणि त्यांचे चिनी सहकारी इथे वर्षानुवर्षं तुतवार कुळातल्या रेड नॉटचा अभ्यास करत आले. हा पक्षी शिंपला अख्खा गिळतो आणि पेषणीत भरडतो. नानपूचे बारीक शिंपले पातळ कवचाचे असल्याने ते लवकर भरडले जातात, आणि आर्क्टिकच्या उड्डाणाआधी लागणारी चरबी थोड्या दिवसांत साठते. असा चिखल हवा तिथे तयार करता येत नाही. शेजारच्या त्साओफेईदियेनला मात्र समुद्रात भर घालून बंदर आणि पोलाद कारखाना उभा राहिला. पीत समुद्राच्या काठचे भरती-ओहोटीचे चिखलपट्टे अर्धशतकात निम्म्याहून जास्त नाहीसे झाले.

वारं फिरलं ते 2018 मध्ये. चीनने समुद्रात नव्याने भर घालण्यावर कडक निर्बंध आणले. 1 जून 2022 पासून पाणथळींसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला. जुलै 2024 मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत यालू मुख, पीत नदीचं मुख यांसह पाच जागांची यादीत भर पडली. या निर्णयाचं मनापासून स्वागत करायला हवं.

तरीही त्या पाचांत नानपू नाही आणि लियाओ मुखही नाही. त्यांनाही हे संरक्षण मिळायलाच हवं. यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असंही नाही. हंगामात पाणी किती खोल आहे, ओहोटीला किती चिखल उघडा पडतो, त्यात किती शिंपले आहेत, हे दरवर्षी मोजलं पाहिजे. पक्षी उतरले एवढ्याने समाधान मानू नये. पुढच्या उड्डाणापुरतं वजन भरून ते निघाले, तरच ती जागा राखली गेली असं म्हणावं.