इमाम जेव्हा सरकारी नोकर असतो

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात जेवायला बसलं की वादही ताटातच वाढलेला असतो. परवा पुण्याचे एक काका ठासून म्हणाले, "मुसलमान बहुसंख्य झाले की धर्मनिरपेक्ष राज्य संपलं." मी तुर्कस्तानचं नाव घेतलं. "तो अपवाद," असं म्हणत त्यांनी आमटी ओरपली.

अपवाद खरा, पण आपण समजतो तसा नाही. ज्या खिलाफतीसाठी आपल्याकडे गांधीजी आणि अली बंधूंनी रान उठवलं, ती तुर्कस्तानच्या केमाल पाशाने ३ मार्च १९२४ ला मोडीत काढली आणि त्याच दिवशी 'दियानेत' हे धर्मखातं काढलं. गोम इथेच आहे. सरकार धर्मातून बाहेर पडलंच नाही, त्याने धर्मालाच कचेरीत आणून बसवलं. इमाम पगारी नोकर झाले. शुक्रवारच्या खुतब्याचा, म्हणजे प्रवचनाचा, मजकूर आजही तेच खातं तयार करतं. १९३२ पासून १९५० पर्यंत अजानसुद्धा अरबीऐवजी तुर्कीत द्यावी लागे.

१९२६ च्या नागरी कायद्याने बहुपत्नीत्व बंद झालं, हे मोठंच काम. पण डोक्याला रुमाल बांधला म्हणून बाईला सरकारी नोकरी नाकारायची, ही कसली धर्मनिरपेक्षता? बहुतेक कचेऱ्यांतली ती बंदी २०१३ मध्ये उठली. उठवली एर्दोआन यांच्या सरकारने. दियानेतही त्यांना आयतंच मिळालं होतं! ते खातं सुन्नींचं. अलेवी पंथाच्या प्रार्थनाघरांना मशिदीचा दर्जा आजही नाही.

"म्हणजे आपले मुस्लिम सुधारक दलवाई हेच आपले केमाल पाशा," काका म्हणाले. छे! चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंकडे ना फौज होती, ना खातं. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत त्यांनी मोर्चा काढला, तेव्हा सोबत सात मुस्लिम स्त्रिया होत्या. फक्त सात. पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. नावातच जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी नातं. १९७७ मध्ये दलवाई गेले, पंचेचाळिशीही न गाठता.

एका दमात दिलेला तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. ते कोर्ट सदनापासून पायी जाण्याइतकं जवळ आहे. दाद मागायला तिथे आल्या होत्या शायरा बानो, स्वतः तलाक मिळालेल्या.