आगबोट, आगगाडी आणि आपला ठेचा



परवा गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, भोकरदनला रेल्वे आली की आपल्याला काय मिळणार?" जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जाणार आहे. उत्तरासाठी आज महाबळेश्वरची गोष्ट सांगते.

महाबळेश्वर उंच डोंगरावर. तिथला वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली बांधवून घेतला. उन्हाळ्यात मुंबईचे इंग्रज साहेब आणि श्रीमंत मंडळी थंड हवेसाठी तिकडं निघत. पण जायचं कसं? शिडाचं गलबत वाऱ्याच्या भरवशावर. मग कोळशावर चालणारी आगबोट आली. वारा पडला तरी ती चाले. मुंबईहून समुद्रानं बाणकोटच्या खाडीत शिरायचं, सावित्री नदीतून दासगावला उतरायचं आणि महाड, पोलादपूर करत घाट चढायचा. गाडीवान, हमाल, भोई यांना त्या वाटेवर काम मिळे. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद.

पुढं आगगाडी आली. १८६३ मध्ये बोरघाटातून मुंबई-पुणे रेल्वे सलग सुरू झाली. १८८० च्या दशकात रूळ पुण्याच्या दक्षिणेला वाठारपर्यंत पोचले. आता पाहुणे वाठारला उतरू लागले. तिथून टांग्यानं वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि मग महाबळेश्वर. कोकणातली वाट मागं पडली, वाठारच्या टांगेवाल्यांचे दिवस आले.

नंतर मोटारी आल्या. आज पुण्याकडचे पाहुणे सुरूर फाट्यावरून थेट वाईमार्गे वर जातात. वाठारचं स्टेशन जागेवर आहे, टांगे गेले.

बघा, डोंगर तोच, तलावही तोच. पण पाहुणा जिथं गाडी बदलतो, तिथं त्याला भूक लागते, ओझं उचलायला माणूस लागतो. पैसा तिथं पडतो. वाट बदलली की तो दुसऱ्या गावाला जातो.

आता आपलं. अजिंठा बघायला निघालेला पाहुणा भोकरदनला उतरेलच असं नाही. तो खिडकीतून आपल्याकडं बघत पुढं जाईल. म्हणून स्टेशनची जागा पक्की होण्याआधी गाळ्यासाठी कर्ज काढू नका. त्यापेक्षा जिथं पाहुणा उतरेल तिथं पोचेल असा टिकाऊ माल तयार करा. पिंपळगाव रेणुकाईची मिरची आपल्याच तालुक्यातली. सुका ठेचा, लाल तिखट, ज्वारीचे पापड. पाकीट नीट बंद, वर गटाचं नाव, वजन, तारीख. अन्न परवान्याची नोंदणी आत्ताच करून घ्या.

रूळ पडायला वेळ लागेल. तेवढ्यात आपला हात बसला, तर गाडी कुठंही थांबो, आपलं पाकीट तिथं असेल.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक नमुना घेऊन या. चव मी बघणार आहे!