मृगाआधी ऐकावा असा ‘गारवा’

परवा तुळजापूरहून नळदुर्गला येताना गाडीत ‘गारवा’ लावला आणि पुन्हा त्याच्या प्रेमात पडलो.

१९९८चा हा मराठी अल्बम. चित्रपटाचा आधार नाही. शब्द सौमित्र यांचे, म्हणजे अभिनेते किशोर कदम. संगीत आणि गायन मिलिंद इंगळे यांचं.

शीर्षकगीत नीट ऐका. आधी सौमित्र कविता बोलतात, उन्हाची तलखी आवाजात घेऊन. मग अलगद चाल सुरू होते. इंगळे जरासुद्धा जोर लावत नाहीत. बोलण्यातून गाण्यात शिरण्याची ती जागा मला सगळ्यात प्रिय!

आमच्या धाराशिवकडं पावसासाठी आभाळाकडं डोळे लावून बसणाऱ्यांना ती जागा फार आत भिडते.

हेडफोन लावून सलग ऐका. तुमचं आवडतं गाणं कोणतं?