गोळी गिळली, औषध पोचले का?

अपस्मार, म्हणजेच फेफरे किंवा मिरगी, हा मेंदूचा विकार. पण त्यावरची गोळी जाते पोटात. मग हे औषध पोटातून मेंदूपर्यंत पोचते तरी कसे? फेनिटॉइन या जुन्या औषधाचे उदाहरण घेऊन आपण हा प्रवास पाहू. हे औषध आकडी रोखते, असे मेरिट आणि पटनम या अमेरिकी डॉक्टरांनी १९३८ साली दाखवून दिले. ते आजही वापरात आहे.

फेनिटॉइनची कॅप्सूल जठरात पोचली की तिचे वेष्टन विरघळते आणि आतील भुकटी मोकळी होते. परंतु तेवढ्याने भागत नाही. साखर पाण्यात विरघळते तसे औषध पाचकरसात विरघळले, तरच त्याचे रेणू आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरू शकतात. फेनिटॉइन हे सौम्य आम्ल आहे. जठरातील आम्लधर्मी रसात ते फारच थोडे विरघळते. पुढे लहान आतड्यात आम्लता कमी होते, पित्तरस मिसळतो आणि ते सावकाश विरघळू लागते. या आतड्याचे अस्तर मखमलीसारखे असते. त्यावरील असंख्य रसांकुरांमुळे शोषणाला भरपूर पृष्ठभाग मिळतो. तेथून औषध रक्ताबरोबर आधी यकृतात आणि मग हृदयामार्गे मेंदूत जाते.

आता एक खरी घडलेली हकीकत ऐका. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइन घेणाऱ्या अनेक रुग्णांचा तोल जाऊ लागला, डोळे थरथरू लागले. ही तर औषध जास्त झाल्याची लक्षणे! पण मात्रा कोणीच वाढवली नव्हती. शोध घेता उलगडा झाला. कॅप्सूल भरण्यासाठी औषधात एक निरुपद्रवी पूड मिसळतात. पूर्वी ती कॅल्शियम सल्फेटची असे. आता तिच्या जागी दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आली होती. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचे शोषण कमी होत असे. तो अडथळा दूर होताच तेवढ्याच कॅप्सूलमधून कितीतरी अधिक औषध रक्तात उतरले.

या थोड्याशा फरकाने एवढा गोंधळ का व्हावा? याचे उत्तर यकृतात आहे. यकृतातील विकरे फेनिटॉइनचे रूपांतर करून ते निकामी करतात. पण त्यांची क्षमता मर्यादित असते. एस. टी. स्थानकावरील एकच तिकीटखिडकी डोळ्यांसमोर आणा. खिडकीवरचा वेग ठरलेला; प्रवासी थोडे जरी वाढले, तरी रांग लांबतच जाते. तसेच रक्तातील औषधही साचत जाते. साधारणपणे दर मिलिलिटर रक्तद्रवात १० ते २० मायक्रोग्रॅम फेनिटॉइन असावे लागते. त्याहून फार कमी झाले तर आकडी येण्याची भीती, फार जास्त झाले तर विषबाधेची!

म्हणून तुमच्या घरात किंवा वर्गात कोणी अपस्मारावर औषध घेत असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. गोळी ठरल्या वेळी घ्यावी. 'औषध तेच आहे' म्हणून डॉक्टरांना न विचारता दुसऱ्या कंपनीची गोळी सुरू करू नये. बरे वाटते म्हणून औषध एकाएकी थांबवणे तर फारच धोक्याचे. आम्लपित्तावरच्या काही औषधांनीही फेनिटॉइनचे शोषण घटू शकते. ती घेण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. वेष्टनावर छापलेले मिलिग्रॅम कॅप्सूलमध्ये किती औषध आहे ते सांगतात. रक्तात किती पोचले, ते मात्र रक्त तपासूनच कळते.