विषाचा व्यापार व आपली संमति

घातक टाकाऊ मालाचा देशोदेशींचा व्यापार आणि आपलें कपाशीचें शेत यांचा परस्परांशीं संबंध काय, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. यवतमाळ जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर तो संबंध फारच निकटचा आहे.

१९८८ सालीं इटलींतून आलेल्या विषारी कचऱ्याचीं पिंपें नायजेरियांतील कोको बंदरीं उघडकीस आलीं व मोठा गवगवा झाला. पुढील वर्षीं स्वित्झर्लंडांत बाझेल येथें करार झाला. १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला. ज्या देशांत घातक कचरा न्यावयाचा त्या देशाच्या सरकारची लेखी संमति अगोदर मिळाल्यावांचून माल हलतां कामा नये, हें त्याचें मर्म होय. निकामी झालेलीं कीटकनाशकेंही त्याच्या कक्षेंत येतात. तथापि नियम असला तरी माल येतोच. वंगणाचें तेल म्हणून आणलेल्या टाकाऊ तेलाचे १३३ कंटेनर न्हावाशेवा बंदरांत पडून राहिले, आणि जानेवारी २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास तें तेल आयातदारांच्या खर्चानें जाळून नष्ट करण्याचा आदेश द्यावा लागला.

हें झालें टाकाऊ मालाचें. नव्या, सीलबंद औषधाची गोष्ट निराळी आहे. त्यासाठीं १९९८ सालीं रॉटरडॅम येथें दुसरा करार झाला व तो २००४ पासून अमलांत आला. त्याच्या यादींत जें रसायन आहे त्याविषयींच आयात करणाऱ्या देशास आधीं विचारावें लागतें. मोनोक्रोटोफॉस या यादींत आहे, डायफेन्थियुरॉन नाहीं. यादींत नवें नांव घालावयाचें तर सर्व सदस्यांचें एकमत लागतें, आणि एक-दोन देश अडून बसले कीं काम थांबतें. २०१३ सालीं पॅराक्वाट या तणनाशकाचा प्रस्ताव अशा रीतीनें अडला, तेव्हां विरोध करणाऱ्यांत आपलाच देश होता, हें नमूद करतांना आम्हांस संकोच वाटतो.

२०१७ च्या खरिपांत आपल्या जिल्ह्यांत काय घडलें तें वाचकांस विदित आहे. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, किडीचा जोर, दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची पडलेली प्रथा, व डोक्याच्या उंचीवर उडणारा फवारा. शेंकडों शेतकरी व मजूर रुग्णालयांत दाखल झाले. वीसांहून अधिक दगावले. नोव्हेंबरांत राज्य सरकारनें यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, ॲसिफेट इत्यादि पांच औषधांची विक्री साठ दिवसांपुरती बंद केली. साठ दिवस! तोंवर फवारणीचा हंगाम बहुतेक उरकलेला होता.

यांपैकीं डायफेन्थियुरॉन स्वित्झर्लंडांत वापरण्यास परवानगी नव्हती. तरी त्याच वर्षीं तेथून सुमारे ७५ टन भारतांत आलें. यादींत नसल्यामुळें रॉटरडॅमच्या नियमानें आपली संमति विचारण्याचें कारण नव्हतें. तेंच औषध मुदतबाह्य होऊन पिंपांत परत निघालें असतें, तर मात्र बाझेलच्या करारान्वयें संमतीचे कागद मागितले गेले असते! पुढें स्विस सरकारनें १ जानेवारी २०२१ पासून डायफेन्थियुरॉन धरून पांच कीटकनाशकांच्या निर्यातीस बंदी केली. येथील बाधितांनीं २०२० सालीं बाझेलच्या न्यायालयांत तेथील कंपनीविरुद्ध दावाही गुदरला. कंपनी जबाबदारी नाकारते. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाविषयीं केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२३ मध्यें बंदीचा आदेश काढला.

परदेशचें दार लागलें म्हणून औषध संपलें असें नव्हे, कारण देशी कारखानेही डायफेन्थियुरॉन तयार करितात. तेव्हां बाटलीवरील त्रिकोणाचा रंग आपण पाहावा. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटीं हिरवा. दुकानदाराकडून पावती घ्यावी, कारण भरपाईचा प्रश्न आला कीं प्रथम तीच मागतात. मजुरास हातमोजे व तोंडावरील पट्टी शेतमालकानें द्यावी. रिकामी बाटली तीन वेळां खळबळून तें पाणी पंपांतच ओतावें, आणि बाटलीस भोंक पाडावें, म्हणजे तींत कोणी रॉकेल वा तेल भरणार नाहीं.