पितळी कड्याची करामत

गिअर टाकला की आत एक दातेरी चाक सरकून दुसऱ्याच्या दातांत जाऊन बसतं, अशी बहुतेकांची समजूत असते. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींत ते खरंही होतं. आजच्या मॅन्युअल गाडीत मात्र पुढच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. गाडी पहिल्यावर असो की पाचव्यावर, चाकं सगळीच फिरतात. त्यांतली एकच जोडी शाफ्टला जुंपलेली असते, बाकीच्या नुसत्या गरगरतात. दांडा हलवला की बदलते ती ही जुंपणी.

एवढा खटाटोप लागतो तो इंजिनाच्या स्वभावामुळे. पेट्रोल इंजिन मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या खाली आलं की गचके देत बंद पडतं, आणि सहा हजारांच्या पुढे त्याला ताणण्यात अर्थ नसतो. चाकाचा हिशेब निराळाच. लहान मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर धरा. ताशी ५ किलोमीटरला चाक मिनिटात जेमतेम ४६ वेळा फिरतं, ताशी १०० ला सव्वानऊशे वेळा. म्हणून पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते, तर पाचव्यात तीन-सव्वातीन फेऱ्यांत. फेऱ्या जितक्या घटतात, तितका चाकाला मिळणारा जोर वाढतो. बोरघाट चढताना गाडी चौथ्यावर दबायला लागली की खालचा गिअर टाकायचा, तो यासाठीच. उतरतानाही तोच बरा, कारण अ‍ॅक्सिलरेटर सोडलेलं इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. इंधन वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणाऱ्या बहाद्दरांसाठी एक गोष्ट: इंजेक्शनच्या गाड्यांत असं गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच असतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतंच.

१८९० च्या दशकात फ्रान्समधल्या पानार-लवासोर कंपनीच्या मोटारींत चाकं खरोखरच सरकवून एकमेकांत घालत. दोन्हींचा वेग जुळला नाही तर दात दातांवर घासून करकराट व्हायचा. वेग जुळवणं हे चालकाचं काम. पुढे जोड्या कायम गुंतलेल्या राहू लागल्या, तरी जुंपणी करताना वेग जुळवावा लागेच. जुन्या ट्रकवाल्यांचा ‘डबल क्लच’ तो हाच. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. घाटात अवजड गाडीवर हे सारं कानाने साधणाऱ्यांचं कसब मोठंच म्हणायला हवं.

अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ मध्ये अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची सिंक्रोमेश पद्धत बाजारात आणली आणि हे कसब यंत्राकडे गेलं. ते करतं एक पितळी कडं.

समजा, गाडी ताशी ४० वर आहे आणि तुम्ही दुसऱ्यावरून तिसरा टाकताय. चाकांकडे जाणारा शाफ्ट मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्या घेतोय. त्याच्यावर मोकळं फिरणारं तिसऱ्या गिअरचं चाक मात्र २१०० च्या आसपास आहे. दांडा ढकलला की शाफ्टबरोबर फिरणारी एक बाही या चाकाकडे सरकते. मध्ये ते कडं असतं. आतून ते निमुळतं असून त्यावर बारीक आटे पाडलेले असतात. चाकाच्या निमुळत्या खांद्यावर कडं दाबलं गेलं की आटे तेलाचा थर कापतात, घर्षण होतं आणि चाकाचा वेग उतरू लागतो. याच्याही पुढची करामत म्हणजे, वेगात फरक असेतो कडं किंचित कलतं आणि त्याचे दात बाहीच्या वाटेत आडवे येतात. सहाशे फेऱ्यांचा फरक मिटला की कड्यावरचा ताण जातो, ते बाजूला वळतं आणि बाही चाकाच्या कडेच्या दातांवर सरकन बसते. दांडा मधेच क्षणभर अडल्यासारखा वाटतो ना, ती या कामाची वेळ. चालत्या लोकलमागे धावणाऱ्याला चढण्याआधी तिचा वेग गाठावा लागतो, तसंच हे.

क्लच अर्धवट दाबला, तर कड्याला एका चाकाऐवजी अख्ख्या इंजिनाशी झुंजावं लागतं. घाईने दांडा हाणला तरी आटे झिजतात, आणि मग मेकॅनिक गिअरबॉक्स खोलायला लावतो. २०१४ मध्ये सेलेरिओतून आपल्याकडे आलेल्या एएमटीतही गिअरबॉक्स हाच. फक्त क्लच आणि दांड्याचं काम यंत्रणा करते. त्यात गिअर बदलताना बसणारा हलका हिसका मला आवडत नाही, पण बंपर-टू-बंपर गर्दीत तक्रारही करवत नाही.

सगळ्याच गिअरना हे कडं मिळालं असं नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या लाडक्या पद्मिनीत पहिल्या गिअरला ते नव्हतं, त्यामुळे पहिला टाकायला गाडी थांबवणंच बरं पडे. रिव्हर्सला तर अनेक गाड्यांत ते आजही नसतं. तिथे एक चाक खरोखरच सरकून दोघांच्या मध्ये शिरतं, अगदी जुन्या पद्धतीने. त्याचे दात तिरके नसून सरळ असतात, अख्खा दात एकदम दुसऱ्यावर आदळतो, म्हणून गाडी मागे घेताना ती ओळखीची घरघर ऐकू येते. अशा गाडीत पूर्ण थांबून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. तरी पडला नाही तर दात दातासमोर आलेला असतो. न्यूट्रल करून क्लच एकदा सोडून पुन्हा दाबला की चाक जरासं फिरतं आणि गिअर पडतो.